फाटकाबाहेरची फायनल

"व्यसन आणि नाद यांत मूलभूत फरक आहे. व्यसन माणसाला आतून पोखरतं, नाद माणसाला घडवतो. व्यसनी माणूस गुलाम असतो, नाद असलेला माणूस स्वतःचा स्वामी असतो."

हे विचार मी आमच्या हायस्कूलच्या पटांगणावर, व्यसनमुक्ती सप्ताहाच्या उद्घाटनाला, नववी-दहावीच्या मुलांसमोर मांडले. मांडले म्हणजे कुजबुजले. आदल्या दिवशी पाणंद तालमीची मॅच होती. आम्ही टायब्रेकरवर हरलो होतो आणि माझा संपूर्ण घसा पंचांच्या कुळाचा उद्धार करण्यात खर्ची पडला होता. माइकचाही इलाज चालेना. मागच्या रांगांतल्या मुलांना वाटलं, कोणीतरी वारलंय आणि मौन पाळायचंय. ती डोळे मिटून उभी राहिली.

माझ्यानंतर पी.टी.चे सरनोबत सर तंबाखूविरोधी शपथ द्यायला पुढे आले. त्यांचा आवाज ठणठणीत होता, पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण आत नुकताच तंबाखूचा बार भरलेला होता. त्यांनी उजवा हात पुढे केला, मान वर केली आणि नाकातून हुंकार देत शपथ दिली. मुलांनी हातवाऱ्यांवरून समजेल तेवढी घेतली. सबंध समारंभ असा जवळजवळ निःशब्द पार पडला, आणि मुख्याध्यापकांनी शिस्तीबद्दल मुलांचं कौतुक केलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम असते. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण आता बऱ्याच आखाड्यांत मांजरं निजतात आणि तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ मैदानात उतरतो. आपण ज्या गल्लीत जन्मलो तिच्या तालमीचा संघ आपला. त्यात निवडीचा भाग नसतो, जसा आडनावात नसतो. मी वडणगेकर, पाणंद गल्लीचा, म्हणून पाणंद तालमीचा. आमचा संघ दुसऱ्या फेरीपुढे क्वचितच जात असे. पण मी इतिहास शिकवतो. पराभवाची कारणं सांगायचा मला पगार मिळतो.

त्याच दिवशी दुपारी सरनोबतांच्या पत्नी, शालनवहिनी, शाळेत आल्या. नवऱ्याचा डबा शिपायाकडं दिला आणि मला गुलमोहराखाली गाठलं.

"सर, ह्यांच्या गालात आतनं पांढरा डाग पडलाय. रुपयाएवढा."

"डॉक्टरांना दाखवला?"

"दाखवला की. म्हणाले, तंबाखू आजपासनं बंद. उन्हाळ्यात परत या. डाग गेला तर गेला. न्हाई गेला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा." वहिनींनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "माझ्या थोरल्या दिराचं असंच झालतं. सुरवात अशीच. पुढचं तुम्हाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. थोरल्या सरनोबतांच्या तेराव्याला मी जेवलो होतो.

"मग सर काय म्हणाले?"

"काय म्हणणार? दवाखान्याची पायरी उतरले आणि ताण आला म्हणून बार भरला. तुम्ही सांगा सर. तुमचं ऐकतात ते."

सरनोबतांनी माझं कधीही काहीही ऐकलेलं नव्हतं. पण बाईमाणसानं एवढ्या विश्वासानं सांगितल्यावर तिचा गैरसमज दूर करणं असभ्यपणाचं झालं असतं.

शिक्षकांच्या खोलीत सरनोबत खिडकीपाशी बसून डाव्या तळहातावर अंगठा फिरवत होते. हा माणूस कबड्डीचा. मांड्या अजून उखळासारख्या, मिशी तोललेली, आणि फुटबॉलविषयी मत एकच: बावीस जणांनी एका चेंडूमागं पळायचं आणि हजारोंनी बसून त्यांच्या आया काढायच्या.

"सोडा आता ते," मी बसक्या आवाजात म्हणालो.

"शालननं गाठलं वाटतं तुम्हाला." त्यांनी चुन्याची डबी टकटक करून बंद केली. "सोडतो की. तुम्ही फुटबॉल सोडा."

"फुटबॉल काय व्यसन आहे?"

"न्हाई?"

"नाद आहे. सकाळी सांगितलं ना."

"ऐकू कुटं आलं सकाळी?" सरनोबत माझ्याकडं वळले. "साखरपुड्यातनं उठून मॅचला कोण गेलतं?"

"अंगठी घालून गेलो होतो."

"वडील दवाखान्यात असताना?"

"ते स्वतःच म्हणाले, जा, निकाल सांगायला ये."

"बघा. म्हंजे घराण्यातच हाय." त्यांनी चिमूट उचलली, ओठाजवळ नेली आणि हात तिथंच थांबवला. "माझ्या नादानं माझा गाल गेला, तुमच्या नादानं तुमचा घसा गेला. फरक एवढाच की माझा डाग आवाज करत न्हाई."

"मी कधीही सोडू शकतो."

"मी बी तेच म्हणतो, वीस वर्सं झाली."

हे मला लागलं. सुशिक्षित माणसाला दुसरं काही लागत नाही, तुलना लागते. मी म्हटलं, "ठीक आहे. मी सोडला फुटबॉल. तुम्ही?"

सरनोबत बराच वेळ चिमटीकडं बघत राहिले. मग त्यांनी ती खिडकीबाहेर झटकली आणि उभे राहिले. कबड्डीतला माणूस बसून शपथ घेत नाही.

"आंबाबाईची आण. ह्या हंगामात जवर तुमचं पाऊल मैदानात पडत न्हाई, तवर तंबाखू माझ्या तोंडात पडणार न्हाई. केबलवर बघायचं न्हाई, फोनवर न्हाई. पडलं पाऊल, की मी सुटलो. मग मला कोण सांगायला यायचं न्हाई. शालन न्हाई, डॉक्टर न्हाई, तुम्ही तर न्हाईच."

मी हात पुढं केला. मला काडीची चिंता नव्हती. मोठ्या स्पर्धेला सुरुवात व्हायची होती आणि पाणंद तालीम नेहमीप्रमाणे दुसऱ्या फेरीत घरी येणार होती. माझा त्याग फारतर दोन मॅचचा होता. एवढ्या किमतीत मित्राचा गाल वाचत असेल तर कोणता शिक्षक नाही म्हणेल?

पाणंद तालीम पहिली मॅच जिंकली.

दुसरीही जिंकली. मी पेपरात वाचलं, पुन्हा वाचलं, छपाईची चूक असेल म्हणून दुसरा पेपर मागवला. तिसऱ्या मॅचला आमच्या पोरांनी गेल्या वर्षीच्या विजेत्यांना लोळवलं. ज्या संघासाठी मी आयुष्यभर घसा फोडला, तो मी गप्प बसल्यावर खेळू लागला होता. पण हे मी त्या वेळी असं मांडलं नाही. मला वाटलं, पोरांनी मेहनत घेतलीय.

मॅचच्या दिवशी दुपार झाली की मला घरात उभं राहवेना आणि बसवेना. एका रविवारी मी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. पुढच्या रविवारी वर्णानुक्रमे. बायको म्हणाली, "तुम्ही मॅचला जावा बघू. मला हळद सापडंना झालीय." तिला करार समजावून सांगितला तेव्हा ती पुन्हा हळद शोधायला लागली.

तिकडं सरनोबत लवंगा खात, बडीशेप खात, खोबऱ्याचे तुकडे खात, आणि मधल्या सुट्टीत रिकामा डावा तळहात उजव्या अंगठ्यानं मळत बसत. तळहातावर काही नसे. मळून झालं की दोन टिचक्या मारून नसलेली धूळ उडवत. मग त्यांच्या लक्षात येई आणि ते हात खिशात घालत. वजन वाढलं, स्वभाव बिघडला. एका पोरानं बुटाची नाडी बांधली नव्हती म्हणून सबंध तुकडीला पटांगणाला फेऱ्या मारायला लावल्या. रोज मला विचारत, "गेलता काय मॅचला?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. माझ्या निश्चयावर इतका नाराज झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

ह्याच सुमारास गल्लीत माझी विचारपूस वाढली. चहाच्या गाड्यावर लोक आपण होऊन जागा देत. "सर, रविवारी घरातच न्हवं?" "तब्येत जपा सर, उन्हातान्हाचं बाहेर पडू नका." मला बरं वाटलं. चार भिंतींत शिकवणाऱ्या माणसाला गल्लीची एवढी आपुलकी सहसा मिळत नाही.

पाणंद तालीम फायनलला गेली. वडिलांच्या तरुणपणी एकदा गेली होती, त्यानंतर आता. समोर हौदावरची तालीम, म्हणजे आमचे पिढीजात वैरी. त्यांच्या मुलींशी आमच्याकडं लग्नंसुद्धा विचार करून होत.

फायनलच्या दुपारी मी मुद्दाम शाळेत येऊन बसलो. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते आणि घरातले मसाले संपले होते. सरनोबत माझ्यावर लक्ष ठेवायला आले, असं ते म्हणाले. स्टेडियम शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खिडकीतून ढोल ऐकू येत होते.

"आज फायनल," सरनोबत म्हणाले.

"माहीत आहे."

"असा दिवस परत येत न्हाई."

"सरनोबत, पेपर तपासू द्या."

"मी काय म्हणतो, देवी काय एवढी कडक नसती. जाऊन या. नुसतं उभं राहून या. तुमचे वडील असते तर गेले असते का न्हाई?"

"तुम्हाला माझ्या वडिलांची काळजी नाही. तुम्हाला बार भरायचाय."

"भरायचाय की," सरनोबत प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांनी शिट्टीच्या पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली, शेजारी चुन्याची डबी ठेवली. "कवाधरनं आणून ठेवलीय. उघडली न्हाई. वास सुदीक घेतला न्हाई. आज फायनल संपली की माझी आण बी संपली. मग भरायचाच हाय. दोन तास अलीकडं भरला तर काय बिघडतंय?"

"डॉक्टरांकडं कधी जायचंय?"

"पुढच्या महिन्यात."

"मग?"

ते डावा तळहात मळू लागले.

तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. दारात दिनकर आण्णा उभे. आण्णा म्हणजे पाणंद तालमीचे अध्यक्ष. गल्लीतली पिठाची गिरणी त्यांचीच, त्यामुळं फायनलच्या दिवशीही भुवया पांढऱ्या. मागं गळ्यात संघाचे पट्टे घातलेले दोघं दांडगे कार्यकर्ते.

मी चष्मा काढून पेपरांवर ठेवला आणि उभा राहिलो. शेवटी आले होते. तालमीला माझी आठवण झाली होती. सरनोबतांच्या डोळ्यांत तर दिवाळी उतरली. त्यांनी पुडी हातात घेतली.

"आण्णा," मी म्हणालो, "तुम्ही कशाला आलात ते मला कळलं. पण मी शब्द दिलाय. माझा नाइलाज आहे."

"व्हय सर, त्येच्यासाठीच आलोय." आण्णांनी टोपी काढली. "सर, हात जोडतो. येऊ नका."

"म्हणजे?"

"म्हंजे मैदानाकडं येऊ नका. कुणीतरी म्हणालं, सरांचा आज धीर सुटंल. म्हणून पळत आलो."

मला काही उमगेना. आण्णांनी टोपी हातात फिरवत, शब्द निवडत सांगितलं.

"तुम्ही यायचं थांबलासा आणि पोरं मॅच मारायला लागली, सर. पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. तिसऱ्या मॅचला तुमची पायरी मोकळी दिसली. खांबाशेजारची. तवा कुणीतरी म्हणालं... आता लोकांचं तोंड काय धरायचं?"

"काय म्हणालं?"

"जाऊ द्या की."

"पनवती म्हणालं," एक कार्यकर्ता मदतीच्या भावनेनं म्हणाला.

"ए, गप!" आण्णा त्याच्यावर खेकसले. "सर, तसं न्हवं. तुमचा लई मान हाय गल्लीत. तुमच्याएवढं तालमीसाठी कोण वरडलंय? फक्त आजच्या दिवस लांबनं प्रेम करा."

एवढं बोलून त्यांनी टेबलावरची माझी स्कूटरची किल्ली उचलली आणि खिशात घातली. "मॅच झाली की आणून देतो. सवता आणून देतो." आणि ते निघाले. टोपी घालायचीही विसरले.

खिडकीतून ढोल आणखी जोरात ऐकू येऊ लागले.

"लांबनं प्रेम करा," सरनोबत हळूच म्हणाले. त्यांच्या मिश्या थरथरत होत्या.

"हसू नका."

"कोण हसतंय?"

मी उठलो. आता प्रश्न फुटबॉलचा राहिला नव्हता, विज्ञानाचा झाला होता. एका माणसाच्या पायरीवर बसण्यानं चेंडूच्या दिशेत फरक पडत नाही, हे ह्या शहराला कोणीतरी सिद्ध करून दाखवायला हवं होतं. आणि त्यासाठी लागणारं साहित्य, म्हणजे मी, उपलब्ध होतं.

"मी चाललो," मी म्हणालो.

"मैदानावर?"

"मैदानावर."

सरनोबतांनी पुडी फोडली. तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, आणि इतक्या महिन्यांनी अंगठा खऱ्या कामाला लागला. वास खोलीभर पसरला. त्यांनी डोळे मिटले. मी दारात थांबलो होतो.

"जावा की. थांबलासा कशाला?"

"तुम्ही टाका तोंडात."

"असं कसं? अजून तुमचं पाऊल पडलं न्हाई. आंबाबाईची आण हाय." त्यांनी मूठ मिटली. "आणि तुम्ही पोचलासा हे मला कळणार कसं? वाटेत तुमचा विचार फिरला तर मी फुकट बाटायचा. मी बी येतो."

आम्ही दोघं चालत निघालो. पाणंद गल्ली ओस पडली होती. दुकानं बंद, कट्टे रिकामे, एका दारात म्हशीला चारा टाकणाऱ्या म्हातारीनं मला ओळखलं आणि कपाळाला हात लावला. "सर, कुटं चाललासा?" तिच्या आवाजात एवढी भीती होती की मी "पेपरचे गठ्ठे आणायला" म्हणालो. सरनोबत मूठ छातीशी धरून माझ्या बरोबरीनं चालत होते, एखाद्या मिरवणुकीत कलश धरावा तसे.

"किती झालं असंल?" त्यांनी विचारलं.

"शून्य-शून्य असणार. गोल झाला असता तर फटाके वाजले असते."

"तुम्हाला बाहेरनं समदं कळतंय. मग आत कशाला जातासा?"

"तुम्हाला वासानं समाधान मिळतं का?"

"न्हाई."

"मग."

स्टेडियमचं फाटक आलं. बरंचसं लोटलेलं, माणूसभर फट ठेवलेली. फटीतून लोकांच्या पाठी दिसत होत्या, पलीकडच्या स्टँडवर पाणंदचा झेंडा. फाटकाखाली लोखंडी पट्टी होती. पट्टीच्या अलीकडं शहर, पलीकडं मैदान. बाजूला एक हवालदार खुर्ची टाकून बसला होता. आतला आवाज पायांतून वर चढत होता. माझी पायरी तिथून पन्नास पावलांवर, खांबाशेजारी, मोकळी होती. मी पाऊल उचललं.

"थांबा," सरनोबत म्हणाले.

"आता काय?"

"जायच्या आधी जरा बघता?"

"काय?"

"डाग." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "परत बार भरला की बघून उपयोग न्हाई. घरात शालनला दाखवायची हिंमत होत न्हाई. आरशात बघायची बी न्हाई होत. तुम्ही बघा. किती हाय तेवढं सांगा. मग जावा खुशाल."

हा माणूस पोरांना गुडघे फुटेस्तोवर पळवायचा. कबड्डीत चौघांना अंगावर घेऊन रेषेपर्यंत जायचा. आता भर उन्हात, फाटकासमोर, मूठ मिटून उभा होता. त्यानं मान मागं टाकली, तोंड उघडलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं गाल बाहेर ओढला.

मी त्यांच्या खांद्याला धरून उजेडाकडं वळवलं आणि आत डोकावलो.

"काय चाललंय?" हवालदार म्हणाला.

"तपासणी," मी म्हणालो.

दाढा दिसल्या. जीभ दिसली. त्यापलीकडं सगळं तांबूस, धूसर. मी आणखी जवळ गेलो, तर आणखी धूसर. तेव्हा मला आठवलं की माझा चष्मा शाळेत नववीच्या इतिहासाच्या पेपरांवर पडलाय. मला लांबचं लख्ख दिसतं. पलीकडच्या स्टँडवरच्या झेंड्यावरचं अक्षर न् अक्षर मला वाचता येत होतं. वीतभर अंतरावरचा सरनोबतांचा गाल मात्र दिसत नव्हता.

आणि त्याच क्षणी आत स्टेडियम फुटलं. असा आवाज मी त्या भिंतींच्या आत बसून आयुष्यात कधी ऐकला नव्हता. फटीतल्या पाठी उड्या मारू लागल्या, फटाके वाजले, हवालदार खुर्चीवर उभा राहिला. फायनलचा एकमेव गोल झाला तेव्हा माझं नाक सरनोबतांच्या तोंडात होतं.

"आँ?" सरनोबत तसेच उघड्या तोंडानं म्हणाले. गोल कुणी मारला असं ते विचारत नव्हते.

शिक्षकाला न वाचलेल्या उत्तरावर शेरा मारायची सवय असते.

"कमी झालाय," मी म्हणालो.

त्यांनी तोंड मिटलं. "खरं?"

"बराच कमी झालाय."

"किती हाय?"

"तांदळाएवढा."

"रुपयाचा तांदूळ झाला?"

"झाला."

सरनोबतांनी बाहेरून गालावर बोट फिरवलं. आत लोक नाचत होते. कुणाचे लोक ते बाहेरून कळत नव्हतं. माझी पावलं अजून पट्टीच्या अलीकडंच होती.

"जावा तुम्ही," ते म्हणाले. मग मुठीकडं बघून म्हणाले, "मी... बघतो काय करायचं ते."

मी फटीतून एकदा आत पाहिलं. खांब दिसत होता.

"चला, रस पिऊ," मी म्हणालो.

त्यांनी मूठ उघडली. घामानं तंबाखूचा लगदा झाला होता. तो त्यांनी फाटकाशेजारच्या भिंतीला नीट पुसला, हात विजारीला पुसला, आणि आम्ही समोरच्या रसवंतीत जाऊन बाकड्यावर बसलो. चरकाची घुंगरं वाजत होती. रसवाल्यानं विचारलं, "आलं-लिंबू?" सरनोबत म्हणाले, "दोन्ही." मग रसवाला आपण होऊन म्हणाला, "पाणंदनं मारला. हेडरनं."

मॅच संपली तशी गर्दी बाहेर लोटली. गुलालानं माखलेले दिनकर आण्णा आमच्यासमोर आले आणि मला बघून जागीच थिजले.

"सर! तुम्ही हितं?"

"बाहेरच आहे, आण्णा."

"पाऊल?"

"नाही ठेवलं."

"मी साक्ष हाय," सरनोबत म्हणाले.

आण्णा वाकले आणि भर रस्त्यात माझ्या पाया पडले. मग खिशातून किल्ली काढून दिली. किल्लीला पीठ आणि गुलाल दोन्ही लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात तालमीसमोर मांडव घालून विजेत्या संघाचा सत्कार झाला. खेळाडूंनंतर माझं नाव पुकारलं. मला शाल, श्रीफळ आणि फेटा दिला. आण्णा माइकवर म्हणाले, "ह्या यशात वडणगेकर सरांनी मैदानाबाहेरून जे योगदान दिलं, ते पाणंद गल्ली कधी विसरणार न्हाई. पुढच्या हंगामात पण सरांचं असंच सहकार्य लाभावं." टाळ्या बराच वेळ वाजल्या. मी चार शब्द बोललो. माझा आवाज त्या दिवशी उत्तम लागला होता.

महिनाभरानं डॉक्टरांनी दिवा लावून सरनोबतांचा गाल तपासला. डाग अगदी थोडा उरला होता. डॉक्टरांनी नखाच्या टोकावर माप दाखवलं. "तांदळाएवढा," शालनवहिनी मला सांगायला आल्या, "तुम्ही म्हणाला होतासा तसाच." मला माझ्या निदानाचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. पावसाळ्यापर्यंत तोही गेला. तुकडा काढावा लागला नाही.

दिवाळी झाली, नव्या हंगामाची पत्रकं भिंतींवर लागली, तसे सरनोबत माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. तास चालू होता. रिकाम्या तळहातावर अंगठा फिरत होता.

"सर, यंदा?"

मुलं बघत होती.

"यंदाही," मी म्हणालो.

ते मान हलवून गेले. तेव्हापासून दर दिवाळीनंतर ते येतात. आता दोघंही निवृत्त झालोय, त्यामुळं घरी येतात. तळहात अजून मळतात; टिचक्या मारून नसलेली धूळ अजून उडवतात. मी विचारतो, "यंदा?" ते म्हणतात, "तुमच्यावर हाय."

पाणंद तालमीनं त्या फायनलनंतर एकही स्पर्धा जिंकलेली नाही. गेल्या हंगामात सगळ्या मॅच हरून संघ खालच्या गटात गेला. मी घरीच होतो.